धास्तीची मोजपट्टी आणि पवनारचा रहाट

यंत्रमानवासमोर माणसाला किती धास्ती वाटते हे मोजण्यासाठी जपानच्या तात्सुया नोमुरा आणि सहकाऱ्यांनी ११ विधानांची प्रश्नावली केली. यंत्राला आपलं बोलणं कळेल का, ते कसं हालेल, त्याच्याशी बोलायचं कसं, अशा तीन अंगांनी ती चिंता तपासते. काम नेटकं आहे. पण चिंता ही निव्वळ मनाची अवस्था मानली की तिच्यातला निवाडा हातून निसटतो. असा निवाडा वर्ध्याजवळच्या पवनारला दिसतो. तिथं धाम नदीकाठी परंधाम आश्रमात विनोबा भावे यांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग मांडला, तेव्हा शेतीतून बैलसुद्धा वगळले. रहाट आश्रमवासीयांनीच हातांनी फिरवला. यात यंत्राचं भय नव्हतं. विज्ञानाचं तर विनोबांना कौतुकच! वेळ वाचवणारी, संहारक आणि उत्पादक अशी यंत्रांची वर्गवारी ते करत. उत्पादकांतलं कोणतं माणसाच्या श्रमाला पूरक आणि कोणतं मारक, हे देशकाल पाहून ठरवत.

कुणी म्हणेल, प्रश्नावली बरंवाईट ठरवतच नाही. शिवाय यंत्रमानवाविषयीची प्रतिकूल मतं तपासायला याच संशोधकांची वेगळी मोजपट्टी आहे. मान्य. अडचण पुढची आहे: धास्तीचा आकडा खाली आणणं हेच ध्येय झालं, तर यंत्राला गोड आवाज दिला की भागतं. वर्ध्याच्या शिवारात कापूस वेचणारीची भीड त्यानं चेपेल, मजुरी मात्र राहीलच असं नाही. भीती पुष्कळदा अज्ञानातून येते, हा आक्षेप अधिक वजनदार. गीतेच्या सोळाव्या अध्यायातही दैवी गुणांत अभय पहिलं येतं. पण त्याच यादीत अहिंसा आणि भूतदयाही आहेत, आणि त्यांना सोडून आलेली निर्धास्ती म्हणजे अभय नव्हे.