बसला म्हणजे बसलाच का?

न्यू जर्सीतल्या मराठी घरामागे स्वतःची बोअर असते, यावर पुण्यातल्या नातेवाइकांचा पटकन विश्वास बसत नाही. पण अमेरिकेत ४ कोटींच्या आसपास माणसं आजही खासगी विहिरीचं पाणी वापरतात. अशा एखाद्या घरात परदेशी बनावटीचा पंप येतो. पंपाच्या तोंडाला पाऊण इंची आटे, दुकानातून आणलेला निपलही पाऊण इंची. घरमालक टेफ्लॉन टेप गुंडाळून निपल फिरवतो. तीन-चार फेरे लोण्यासारखे जातात, मग पाना लावल्यावर घट्टपणाही येतो. ‘बसला,’ तो म्हणतो.

हे ‘बसला’ खरं कशावरून? भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं ज्यावर डोकी फोडली, तो प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञान खरं कशावरून मानायचं याचा, वाद नेमका इथे, तळघरातल्या ओल्या फरशीवर उभा राहतो.

आधी शब्दाचं पाहू. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. पण भारतात आणि युरोपात चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीच्या पाऊण इंची आट्याचा बाहेरचा व्यास २६.४४ मिलिमीटर, आणि अमेरिकी नळाचा २६.६७. फूटपट्टी कुठेही लावा, पाऊण इंच सापडत नाही. जुन्या जाड लोखंडी नळाच्या पोकळीवरून नाव पडलं. पुढे नळ पातळ झाले, नाव तेवढं राहिलं. शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य आहे, असं जैमिनीचं मीमांसासूत्र म्हणतं. ते संकेताने ठरतं, असं गौतमाचं न्यायसूत्र. नळसामानाच्या दुकानात गौतमाची सरशी होते. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्याचा कोन ५५ अंश ठरवला, फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६०. निसर्गाला दोन्ही सारखेच.

घोळ होतो तो साम्यामुळे. एक इंची मापात ब्रिटिश पद्धतीत इंचाला ११ आटे, अमेरिकी पद्धतीत साडेअकरा. त्यामुळे निपल काही फेऱ्यांतच जखडतो आणि माणूस शहाणा होतो. पाऊण इंचात मात्र दोन्हीकडे १४. कोन वेगळा, व्यास किंचित वेगळा, पण हाताला काही कळत नाही. शिंपल्यावर चांदीचा भास होतो, कोळशावर होत नाही. भ्रमाला साम्य लागतं, हे वेदान्त्यांचं आवडतं उदाहरण प्लंबरला वेगळं शिकवावं लागत नाही.

मीमांसक कुमारिल भट्ट म्हणेल, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक, म्हणजे ते खोटं पाडणारं काही, समोर येईपर्यंत ते खरंच मानायचं. नैयायिक म्हणेल, छे! आधी पंप चालू करा. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच या मुद्द्याने होते: ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली, की ते ज्ञान खरं. पाणी दिसलं, प्यायलं, तहान भागली. म्हणजे ते मृगजळ नव्हतं.

इथे कुमारिलाची बाजू लंगडी पडते, आणि तिला लंगडं करते ती पंपाची ओढीची बाजू. फेकीच्या नळाला गळती असेल तर थेंब दिसतो. बाधक उघड बोलतो. ओढीच्या नळाला फट असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधा वरून कोरडा ठणठणीत. रात्री पंप नीट चालतो, सकाळी हवा धरून नुसता गुरगुरतो. बाधक होता, फक्त मुका होता.

मग पुण्यातला प्लंबर दर निपलवर संशय का घेत नाही? त्याचं उत्तर वाचस्पती मिश्र आणि उदयन या नैयायिकांच्या परंपरेत आहे. सवयीच्या वस्तूबाबत कृतीची वाट पाहावी लागत नाही. ‘हे त्याच जातीचं’ एवढ्यावर भरवसा बसतो. पुण्याच्या दुकानात सगळं एकाच पद्धतीचं, म्हणून तो भरवसा रास्त. हीच सवय बाल्टिमोरच्या वेशीवर कशी मोडली ते १९०४ च्या फेब्रुवारीत दिसलं. शहरात लागलेली मोठी आग विझवायला वॉशिंग्टनहून बंब धावले, पण त्यांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटना बसेनात. १५०० हून अधिक इमारती जळाल्या. सीमा ओलांडली की ‘त्याच जातीचं’ हे अनुमान हवेत लटकतं, आणि त्यासाठी देशसुद्धा बदलावा लागत नाही.

घरमालकाला शेवटी दोन्ही पद्धती जोडणारा पितळी ॲडॉप्टर मिळतो. एका तोंडाला ५५ अंश, दुसऱ्या तोंडाला ६०. आता तपासणी. सांध्याला कोरडा टिश्यू गुंडाळायचा. पण टिश्यू खरा कोरडा आहे हे कशाने तपासायचं? मीमांसक याला अनवस्था, म्हणजे कधी न संपणारी साखळी, म्हणून हसतात, आणि त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नाही. नैयायिकाचं म्हणणं, तहान भागल्यावर ‘भागली का?’ असा संशय कुणाला येत नाही. घरमालक प्रेशर गेजवरचा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवतो, पंपाचा खटका बंद करतो, घरातल्यांना रात्रभर नळ उघडू नका म्हणून बजावतो आणि झोपायला जातो.