सूर्य माथ्यावर असताना

मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात एका दुपारी, सव्वाबाराच्या सुमारास, सूर्य अकोल्याच्या बरोबर माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते आणि दिसेनाशी होते. एखाद्या दिवसाने हेच अमरावतीत घडतं. मग सूर्य आणखी उत्तरेला सरकतो, वळतो आणि जुलैत पुन्हा आपल्या डोक्यावरून जातो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि कुणाचं लक्ष नसतं. मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवायची. मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून गल्लीतली पोरं गोळा करून गच्चीवर पाइपाचा तुकडा उभा करायची. पाइपातून ऊन सरळ खाली उतरायचं, आत फरशीवर लख्ख गोल कवडसा पडायचा आणि बाहेरची सावली मिटायची. पोरं टाळ्या वाजवायची आणि धावत खाली जायची. तापलेल्या गच्चीवर फार वेळ कोण थांबणार?

याच सुमारास, 25 मेला, सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि आमच्याकडे नवतपा लागतो. नऊ दिवसांची ही आग शेतकऱ्याला हवी असते. उन्हाळवाही करून उलथलेली ढेकळं तापली पाहिजेत, मातीतले किडींचे कोष मेले पाहिजेत, काळ्या जमिनीला भेगा पडल्या पाहिजेत. नवतपा नीट तापला नाही तर मृग धड बरसत नाही, असं जुनी माणसं सांगतात. अकोल्याच्या नऊ दिवसांवरून पावसाचं भाकीत करता येणार नाही, हे मी वर्गात सांगत असे. पण त्या समजुतीच्या मुळाशी खरं काहीतरी आहे. उन्हाळ्यात हा सगळा भूखंड तापतो, हवा हलकी होऊन वर जाते, दाब कमी होतो आणि समुद्रावरचे ओले वारे आत ओढले जातात. भाजणारा सूर्यच पावसाला बोलावणं धाडतो. पुढे बोंडं फुटायच्या वेळी कोरडं ऊनही तोच देतो. ते मिळालं नाही तर कापूस बोंडातच सडतो.

आणि तोच सूर्य माणूस मारतो. शरीराचं तापमान 37 अंश. हवा त्याहून गार असली की अंगातली उष्णता हवेत जाते. हवा 45 अंशांवर गेली की व्यवहार उलटतो आणि हवाच अंगात उष्णता भरू लागते. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. पण घामाला पाणी लागतं. ते संपलं की आतलं तापमान चाळिशीपार जातं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि कोसळतो. हे धडा म्हणून शिकवणं सोपं होतं. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या मुली समोरच्या बाकांवर बसलेल्या असत, आणि त्यांना हे पुस्तकाआधीच माहीत असे.

मे 2024च्या शेवटच्या आठवड्यात पारा 45च्या वर गेला, तेव्हा अकोला जिल्ह्यात 31 मेपर्यंत कलम 144 लावलं गेलं. कामाच्या ठिकाणी पिण्याचं पाणी आणि पंखे ठेवा, खासगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, असं त्या आदेशात होतं. दंगलीच्या भीतीने लागणारं कलम उन्हासाठी लागलं. ती बातमी मी वाचली त्याच सकाळी मी सूर्याला अर्घ्य दिलं होतं, आणि दिवसभर एकच प्रश्न मनात होता. ज्याच्यापासून माणसं वाचवावी लागतात, त्याला हात कसे जोडायचे?

अर्घ्याची सवय मला आजीमुळे लागली. आमचं गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. शहानूर धरणाचं पाणी नळाने यायच्या आधी गोडं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागे. त्यातला तांब्याभर आजी रोज उगवतीला तोंड करून सोडायची. मी एकदा विचारलं, आजी, सूर्य हे पितो का? ती म्हणाली, "काऊन वं पोट्टे, थो कायले येते प्याले? पाणी तुळशीले पडते ना." धार वृंदावनातच पडेल अशी ती उभी राहायची. थेंब वाया जात नसे. श्रावणातल्या रविवारी विड्याच्या पानावर रक्तचंदनाने आदित्य राणूबाई काढायची, तेव्हाही तिची नजर अशीच हिशेबी असायची.

सूर्य ऐकत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही आहे. तो पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. अर्घ्य देताना आपण बघतो तो आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य. दर सेकंदाला तो सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि त्यातून निघालेली उष्णता चहूकडे फेकतो. त्यातला अगदी नगण्य वाटा पृथ्वीच्या पदरात पडतो. त्या वाट्यावर माझ्या ताटातली ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण उभं आहे, अंगावरचं सुती लुगडं उभं आहे. देणाऱ्याला माहीत नसलं म्हणून घेणाऱ्याचं ऋण फिटत नाही. माझा नमस्कार त्या ऋणाला आहे. त्याला मागणं जोडलं की गडबड सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

सूर्याची एक स्तुती मात्र मला पूर्वीसारखी करवत नाही. तो समदर्शी आहे, राजा-रंक बघत नाही, सगळ्यांवर सारखा तळपतो, असं कीर्तनात ऐकत मी मोठी झाले. तळपतो खरा सारखा. पण त्याचं ऊन एकाच्या गच्चीवर पडतं आणि दुसऱ्याच्या मानेवर. बांधकामावर विटा वाहणारा, हातगाडीवर केळी विकणारा आणि कूलरसमोर बसलेली मी, आमच्यासाठी एकच दुपार तीन वेगळ्या दुपारी असते. त्यामुळे समदृष्टी हा मोठा गुण असला तरी तेवढ्याने न्याय होत नाही. भेद करायला, कुणाला आधी सावली द्यायची हे ठरवायला, बघणारं कुणीतरी लागतं. सूर्याला डोळे नाहीत.

बृहदारण्यकोपनिषदात जनक याज्ञवल्क्याला विचारतो, माणसाला प्रकाश कशाचा? सूर्याचा. सूर्य मावळल्यावर? चंद्राचा. तोही नसेल तर अग्नीचा, मग वाणीचा, आणि शेवटी आत्म्याचा. प्रश्न अंधाराचा आहे, आणि उत्तर पायरीपायरीने आत जातं. मला हा संवाद फार प्रिय आहे. पण वऱ्हाडात बसून वाचताना मला त्याच्या उलटाही प्रश्न पडतो. सूर्य मावळलेला नसताना, अगदी माथ्यावर असताना, माणूस कशाच्या आधाराने निभावतो? माझ्यापुरतं उत्तर आहे, दुसऱ्या माणसाच्या. इथे आत जाऊन भागत नाही, बाहेर यावं लागतं. तहानेने घसा सुकलेल्याला आत्मज्योती सांगण्याआधी ओंजळीत पाणी ओतावं लागतं.

हे ज्याने जगून दाखवलं तो माणूस आमच्याच मातीतला. गाडगेबाबांचा जन्म 1876चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. 1956 साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. हातात खराटा आणि गाडगं घेऊन ते गावोगाव फिरले. देव दगडात शोधू नका, हे ते कीर्तनात सांगत, आणि भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी ही त्यांच्या धर्माची पहिली कलमं होती. निवारा नसलेल्याला आसरा हेही त्याच यादीत येतं, आणि त्यासाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. नवतप्यात ती यादी वाचली की ती उपदेशासारखी वाटत नाही, उष्माघातावरच्या सूचनांसारखी वाटते. ऊन टाळा, पाणी प्या, सावलीत बसा. फरक इतकाच, की बाबांनी ती दुसऱ्यासाठी करायला सांगितली.

म्हणून मी अर्घ्य सोडलेलं नाही, त्याला जोड दिली आहे. आमच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली पाण्याचा रांजण असतो. गुढीपाडव्याला बसवायचा, मृग लागेपर्यंत ठेवायचा. पूर्वी अकोल्यात अशा पाणपोया जागोजागी होत्या. आता प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि त्या कमी झाल्या, पण बाटलीला पैसे पडतात, आणि ज्याला सगळ्यात जास्त तहान लागते त्याच्याकडे ते नसतात. सरकारी आदेशाची वाट बघायची तर मेचा शेवटचा आठवडा उजाडतो. आमच्याकडे ऊन एप्रिलच्या आधीच पेटलेलं असतं.

रांजणाचं पाणी गार का राहतं, हे पोरं अजून विचारतात. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाळतं, आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. घामाचंच काम. हवा जितकी कोरडी तितकं पाणी लवकर वाळतं, म्हणून सावलीत ठेवलेला वऱ्हाडातला रांजण दमट कोकणातल्या रांजणापेक्षा जास्त गार पाणी देतो. पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजली की तो पाझरणं थांबतो, पाणी कोमट होतं, आणि कुंभाराकडून नवा आणावा लागतो.