आधी जेवून घे

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर जणांना जोडीजोडीनं गावोगाव पाठवतो. त्यांना दिलेल्या सूचना वाचताना एक गंमत लक्षात येते. बोलायचं काय, हे एक-दोन वाक्यांत उरकलंय. बाकी सगळा भर जाण्यावर, राहण्यावर आणि जेवण्यावर. थैली नको, झोळी नको, पायताण नको. ज्या घरात उतराल तिथंच राहा, पानात पडेल ते खा. म्हणजे सेवेला निघालेल्यानं आधी रिकाम्या हातानं परक्याच्या दारात पाहुणा व्हायचं. देणारा व्हायची घाई झालेल्या माणसाला हे फार जड जातं.

पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे; १९८३ साली ती यवतमाळहून इथं आली. ईशान्येकडची मुलंही इथं शिकायला येतात. नाताळच्या सुटीत जवळची मुलं घरी पळतात. मिझोरामच्या मुलाला मात्र गुवाहाटीपर्यंतच दोन-अडीच दिवस लागतात, पुढं डोंगरातला रस्ता वेगळाच. सुटी प्रवासातच संपायची आणि पैसेही. मग तो इथंच राहतो.

अशाच एका मुलाला आम्ही नाताळला घरी बोलावलं. आला तो थेट स्वयंपाकघरात. "आंटी, काम द्या." आईनं करंज्यांना बसवलं. पारीला कडेनं दुधाचं बोट लावायचं, दाबायचं, कातण फिरवायचं. पहिल्या घाण्यातल्या त्याच्या करंज्यांनी कढईत तोंडं उघडली आणि सारण तेलभर झालं. लगेच तो भांडी घासायला उठला. आईनं हात धरून बसवलं, "ठेव ते. आधी जेवून घे." तो ताटावर परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला. मटणाचा रस्सा आमच्या हातचा, म्हणजे झणझणीत. त्याच्याकडचं जेवण बरंचसं उकडलेलं. नाकाडोळ्यांतून पाणी, तरी "आणखी?" म्हटल्यावर ताट पुढंच.

मग बोलता झाला. त्यांच्याकडं नाताळात सामुदायिक जेवण असतं, त्याला ते रुआई म्हणतात. उघड्यावर चुली मांडायच्या, मोठाल्या पातेल्यांत मांस शिजवायचं, तरुणांनी राबायचं आणि अख्ख्या गावानं एकत्र जेवायचं. रात्रीच्या गाण्यांना खुआंग नावाच्या ढोलाची साथ. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो त्या पंगतीत वाढप्या. वाढायची त्याला सवय होती, वाढून घ्यायची नव्हती. आईची आठवण येते का, असं विचारलं, तर म्हणाला, आईची येतेच, पण त्याहून जास्त आठवते ती हातातली पळी.

घराची ओढ म्हणजे फक्त माणसांची ओढ, असं आपण धरून चालतो. त्या मुलाला ओढ होती आपल्या उपयोगी असण्याची. सेमिनरीत ग्रीक शिकता येतं, प्रवचनाचा आराखडा शिकता येतो. कुणाच्या तरी घरात निरुपयोगी होऊन बसणं नाताळसारख्या दिवशीच शिकायला मिळतं.

डिसेंबर १८१३ मध्ये मुंबईत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोघं असेच परक्या दारात टांगणीला होते. फेब्रुवारीत उतरले, कंपनी सरकारला ते नको होते, परत धाडायचा हुकूम निघालेला. अखेर गव्हर्नर इव्हान नेपियन यांनी राहू दिलं. ज्या देशात आपल्याला कुणी बोलावलेलं नाही तिथली भाषा शिकत बसायचं, आणि उद्या राहू देतील की नाही याचा भरवसा नाही, अशी ती तयारी. त्यांना नाताळात घर आठवलं असेल, असं वाटतं ना? पण न्यू इंग्लंडच्या त्यांच्या मंडळ्यांत तेव्हा नाताळ पाळतच नसत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली तो साजरा करणाऱ्याला दंड होता, आणि तिथं नाताळाची अधिकृत सुटी झाली ती थेट १८५६ मध्ये. आमच्या नगरकडच्या मंडळ्या याच मिशनच्या. पण नाताळातला करंजी-चकलीचा फराळ काही बॉस्टनहून आलेला नाही.

आणि आता जरा आपल्याच मंडळ्यांविषयी. सेमिनरीची मुलं आपल्याला डिसेंबरात बरोबर आठवतात. गिटार वाजवायला, कॅरलच्या फेरीला, तारा टांगायला, सांताक्लॉजचा अंगरखा चढवायला. रात्री एक वाजता उपासना संपली की सलाम करून आपण गाड्या काढतो आणि ती मुलं रिक्षा शोधतात. पाळकसाहेबांनी यंदा कामांची यादी वाचताना तिच्याशेजारी घरांचीही यादी वाचावी: पंचवीस तारखेला दुपारी कोण कुणाकडं जेवणार. आमच्या घरापुढं दोन नावं लिहा, आणि आईचा रस्सा तिखट असतो हेही त्यांना आधीच सांगा.