दंड सरकारजमा, मनस्ताप आपला

आईची रक्ततपासणी झाली त्याच्या आठव्या दिवशी तिला फोन आला. पलीकडच्या मुलीने तिचे नाव घेतले, "काकू, साखर अजून वाढलेलीच आहे ना?" असे आपुलकीने विचारले आणि तीन महिन्यांच्या औषधांचे पॅकेज समजावून सांगायला लागली. दवाखान्यातूनच फोन आलाय असे समजून आईने तिला सगळे सांगितले. कुठली गोळी चालू आहे, घरात कोण कोण असते, दुपारी ती एकटी असते. मग रोज फोन येऊ लागले. एकदा मी फोन घेऊन नंबर कुठून मिळाला ते विचारले, तर "सिस्टीमवर आहे सर," एवढेच उत्तर आले. तपासणी केंद्रातल्या काउंटरवरच्या माणसाने "आमच्याकडून काही जात नाही" म्हणत पुढचा टोकन नंबर पुकारला.

आईने अनोळखी नंबर उचलणेच सोडले. पुढच्याच महिन्यात आत्याला रात्री दवाखान्यात हलवले, तेव्हा तिथल्या नंबरवरून आलेले चार फोन आईने घेतले नाहीत. या नुकसानीची पावती कुठे मिळते?

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. ती याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची होती. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. हा कायदा कुचकामी आहे असे मी म्हणणार नाही. आपली कोणती माहिती संस्थेकडे आहे ते विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा, दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क त्यात आहे. माहिती फुटली तर संस्थेने ती ज्याची आहे त्याला विनाविलंब कळवायचे आहे. सुरक्षेत हयगय केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

हा दंड जातो कुठे? कलम 34 सांगते, भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती विकली गेली, त्याला एक रुपयाही नाही. दिवाणी न्यायालयाची वाट कलम 39 ने बंद केली आहे. उलट तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे आईने तक्रार केली तर तिच्या पदरात काही पडणार नाही, गाठीचे मात्र जाऊ शकते. नागरिकाला हक्क देणारा कायदा असा लिहायचा नसतो.

सर्वांत जास्त खुपते ते वेगळेच. भरपाईची तरतूद आपल्याकडे आधीपासून होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ नुसार, एखाद्या कंपनीने संवेदनशील माहिती जपण्यात हलगर्जी केली आणि त्यातून कुणाचे नुकसान झाले, तर तिला भरपाई द्यावी लागते. तक्रार राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालते. या कायद्याखाली महाराष्ट्रात भरपाया मिळालेल्याही आहेत. पुण्यातल्या एका उद्योगाच्या खात्यातून फसव्या ईमेलच्या मार्गाने 80 लाखांहून अधिक रक्कम काढली गेली होती. 2013 मध्ये आयटी सचिवांनी बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. खातेदाराचीही चूक मोजली, बँकेचीही मोजली. आता नवा कायदा हेच कलम 43अ वगळतो आहे. त्याच्या जागी काहीही ठेवलेले नाही.

यावर उत्तर ठरलेले असते. मनस्ताप पैशात कसा मोजणार? तक्रारींचा पूर येईल, छोटे व्यावसायिक बुडतील. पण आपले ग्राहक आयोग वर्षानुवर्षे "मानसिक त्रासापोटी" रक्कम देत आले आहेत. लग्नाचा हॉल आयत्या वेळी नाकारला म्हणून मनस्ताप मोजता येतो, तर आजाराची माहिती विकली म्हणून का येऊ नये? युरोपात 2018 पासून लागू असलेल्या कायद्याच्या 82व्या कलमात मनस्तापाचीही भरपाई आहे. फेसबुकवरून फुटलेल्या माहितीच्या प्रकरणात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले की, आपल्या माहितीवरचा ताबा सुटणे हेच नुकसान आहे. गैरवापर झाल्याचा वेगळा पुरावा लागत नाही. रक्कम त्यांनी शंभर युरोच्या आसपास सुचवली. ती फार मोठी नाही, पण ज्याचे गेले त्याच्या हातात पडते.

आणि दोष फक्त कंपन्यांचा नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकावर कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो टॅबवर काढतात, आधारची झेरॉक्स चौकीच्या ड्रॉवरमध्ये टाकतात. सुरक्षा एजन्सी बदलली की टॅब जातो, ड्रॉवर तसाच राहतो. कायदा संमती "मुक्त" हवी म्हणतो. नाही म्हटले तर चार घरची कामे जातील, अशा बाईची संमती मुक्त कशी? शिवाय ड्रॉवरमधला कागद नव्या कायद्यात येतच नाही. तो फक्त डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू आहे. गेल्या वार्षिक सभेत मी हा विषय काढला. अध्यक्षांनी ऐकून घेतले आणि पार्किंगचा मुद्दा घेतला. यंदा मी तो लेखी ठरावाच्या रूपाने मांडणार आहे: आधारची झेरॉक्स घ्यायची नाही, शेवटचे चार आकडेच दाखवणारे मास्क केलेले आधार पाहून परत द्यायचे, आणि काम सुटलेल्या माणसाचा फोटो महिन्याच्या आत पुसायचा.

भरपाईचे कलम परत आणणे मात्र संसदेच्या हातात आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहून एवढेच विचारा: दंडातला वाटा, किंवा वेगळी भरपाई, पीडिताला का नाही? नियम जाहीर झाले तेव्हाच्या वेळापत्रकाप्रमाणे कलम 43अ नोव्हेंबर 2025 पासून 18 महिन्यांनी रद्द व्हायचे आहे. आरोग्याची आणि बँकेची माहिती त्या कलमाखालच्या नियमांत संवेदनशील मानली आहे. ज्यांचे नुकसान झाले आहे, त्यांनी ते कलम जिवंत असेपर्यंत तक्रार दाखल करावी. आईचा अर्ज मी या आठवड्यात देतो आहे.