रेवड्यांवरची कुस्ती

यात्रेतली माझी पहिली कुस्ती रेवड्यांवर झाली. चैत्र लागला की आमच्या माण तालुक्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हलगी घुमत असायची. म्हातारे पंच पोरांच्या घोळक्यातून एकेकाचं मनगट धरून बाहेर काढायचे, दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचे, दंड चाचपायचे. एखादा चार बोटं उंच भरला तर त्याला माघारी धाडायचे. जोड जमली की दोघांचे हात वर धरून फडाला चक्कर. मी चीत झालो. तरी पंचांनी माझ्याही मुठीत रेवड्या कोंबल्या. घामट मुठीत त्यांना तांबडी माती चिकटली होती, तशाच खाल्ल्या.

तेव्हा वाटलं, पोर रडू नये म्हणून दिल्या. खरी गोम जोड लावण्यात होती, हे फार उशिरा उमगलं. बरोबरीचा गडी समोर असला तरच ईर्षा पेटते आणि ईर्षा पेटली तरच मजा येते. एकतर्फी कुस्ती बघायला कोण थांबतं?

हुतुतूतही, म्हणजे जुन्या कबड्डीतही, खेळाची मजा टिकवण्याचा हाच विचार झालेला दिसतो. त्याचे जुने तीन प्रकार होते. ‘गामिनी’त बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर. ‘संजीवनी’त समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत. ‘अमर’मध्ये बाद झालेला मैदान सोडतच नसे, नुसता गुण मोजायचा. हरलेल्यानं किती वेळ बाहेर बसायचं, या एका प्रश्नाची ही तीन उत्तरं. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोचलेली कबड्डी संजीवनीची वाट धरून गेली, याचा मला आनंद वाटतो. आणि अंगणात धाकट्या भावंडाला आपण ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतच होतो की!

पुढे बक्षिसं वाढली. सोनं-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेली, मुंबईत माथाडी काम करणारी माणसं यात्रेला येतात, हौसेनं इनाम लावतात. त्यात वावगं काही नाही. पण एका वर्षी आमच्या क्रिकेटच्या संघात अकरापैकी सहा गडी पैसे मोजून बाहेरून आणले. गावची पोरं दोरीबाहेर बसून टाळ्या वाजवत होती. करंडक आला, पण त्या सामन्याची गोष्ट गावात कुणी सांगत नाही.

त्यानंतर काही वर्षं मला स्पर्धेचाच राग होता. तो घालवला माणातल्याच मोही गावच्या धावपटू ललिता बाबरनं. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये ती 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. कडव्या स्पर्धेशिवाय ती तिथवर पोचली नसती. पण तिची सुरुवात शाळेतल्या खो-खोची. तिथं तिला कुणी दोरीबाहेर बसवलं असतं तर?

म्हणून यात्रा कमिट्यांना हात जोडून सांगणं आहे. मोठं इनाम खुशाल लावा, नामांकित मल्ल बोलवा. पण गावच्या संघात गावचीच पोरं-पोरी खेळवा, आणि फडाचा पहिला तास रेवड्यांसाठी राखून ठेवा.