सुई टोचण्याआधी

पांडुरंगा, टेबलावर एक माणूस पालथा झोपला आहे. सीटी स्कॅनमध्ये त्याचा मणका एका बाजूने पोखरलेला दिसतो. हाडाचा कठीण थर जिथे गाठीनेच खाल्ला आहे, तिथून २२ गेजची बारीक सुई आत जाईल. माझा हात स्थिर ठेव.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली आहे. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं तिला कुणीतरी सांगितलंय. देवा, तिच्या मनातली ही भीती काढ. आजार हाडात आधीच पोचलेला आहे. तो आला कुठून, एवढंच आम्हाला शोधायचं आहे.

हाडात पसरलेल्या गाठी बहुतेक वेळा स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी नाहीतर थायरॉईडमधून आलेल्या असतात. या वाटा आम्हाला पाठ आहेत, आणि मला धास्ती त्याचीच वाटते. पाठ झालेलं उत्तर लिहून मोकळं होण्यापासून मला वाचव. कारण मेंदूच्या आवरणातला सॉलिटरी फायब्रस ट्यूमर ऑपरेशननंतर दहा-पंधरा वर्षांनीही हाडात डोकं वर काढू शकतो. तोवर घरचे सगळं विसरलेले असतात. ‘डोक्यात गाठ होती, काढली, बरे झाले’, एवढंच त्यांच्या लक्षात उरतं. तेही विचारलं तरच सांगतात.

काचपट्टीवरच्या थेंबभर रक्तात पेशी येऊ देत. काही पट्ट्या हवेत वाळतील, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडतील, उरलेल्या ऐवजाचा मेणात बसवलेला सेल ब्लॉक होईल. हाडाचा तुकडा काढला तर तो मऊ करायला बरेचदा आम्ल लागतं आणि त्यात पेशींच्या खुणा पुसट होऊ शकतात. सुईतून आलेल्या पेशींना ते सोसावं लागत नाही, ही मी तुझी कृपाच समजतो. पेशी लांबट निघाल्या आणि त्यांच्या केंद्रकांत स्टॅट-६ या प्रथिनाचा तपकिरी रंग भरला, तर गाठीचं मूळ कळेल आणि उपचारांची दिशा ठरेल. पण ती तपासणी लावायची, हे आधी सुचायला हवं.

पेशी अपुऱ्या असतील तर रिपोर्टात तसं स्पष्ट लिहायचं बळ दे. जाड सुईने पुन्हा बायोप्सी करा, असं सांगताना माझी जीभ अडखळू देऊ नकोस.

आणि विठ्ठला, त्या माउलीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आहे. रेशनकार्डाच्या झेरॉक्सखाली जुनं डिस्चार्ज कार्ड दुमडून ठेवलेलं असेल, तर ते पुढे करण्याची बुद्धी तिला दे, आणि ते मागून घेण्याची आम्हाला. तो कागद आज माझ्यापर्यंत पोचू दे.