हरण्याच्या बावीस जागा

मातीचा घडा दिसला की तो कुणा कुंभारानं घडवला असणार, हे सांगायला पंडित लागत नाही. न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, हाच दाखला घेऊन पुढचं पाऊल टाकलं. पृथ्वी, डोंगर, झाडं हीही घडलेली कार्यं आहेत, तेव्हा त्यांचाही कुणी कर्ता असलाच पाहिजे, असं ते म्हणत. सातव्या शतकात धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यानं त्यावर वारुळाकडे बोट दाखवलं. वारूळही मातीचंच, त्यालाही आकार आहे. मग तेही कुंभाराच्याच हातचं म्हणायचं का?

तेव्हापासून तेराशे वर्षं उलटली. घड्याच्या जागी घड्याळ आलं, मग डोळ्याची रचना, मग पेशीतला डीएनए. एकानं ‘हे सगळं आपोआप झालं का?’ म्हणायचं, दुसऱ्यानं ‘मग देव कुणी केला?’ असं विचारायचं. गणपतीच्या मंडपामागे रात्री रंगलेली चर्चा असो की विद्यापीठातला जाहीर परिसंवाद, पुढचं वाक्य दोन्ही बाजूंना आधीच पाठ असतं. दळलेलंच दळण किती वेळा दळायचं, असं वाटून शहाणी माणसं तिथून उठून जातात.

पण उठण्याआधी वारुळाचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. नुसतं ‘आकार आहे, म्हणून कर्ता आहे’ म्हणून भागणार नाही, हे नैयायिकांच्या ध्यानात आलं. त्यांनी कर्त्याची व्याख्याच काटेकोर केली. ज्याला सामग्रीचं प्रत्यक्ष ज्ञान आहे, तिच्यातून काही घडवण्याची इच्छा आहे आणि त्यासाठी जो प्रयत्न करतो, तो कर्ता. पुढे उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली ती ईश्वर सिद्ध करण्यासाठी. पण तिचे पाच स्तबक, म्हणजे पाच प्रकरणं, उभे आहेत ते विरोधकांच्या पाच आक्षेपांवर. प्रतिपक्ष काढून घेतला तर त्या ग्रंथाचा सांगाडाच निखळेल.

आणि हे विरोधक म्हणजे फक्त बौद्ध आणि चार्वाक नव्हते. वेदाला सर्वस्व मानणारा मीमांसक कुमारिल ‘श्लोकवार्तिका’त जगाचा कर्ता नाकारतो, तरीही परंपरेच्या हिशेबात तो आस्तिकच. कारण मनुस्मृतीनं नास्तिक म्हटलं ते वेदाची निंदा करणाऱ्याला. पाणिनीच्या टीकाकारांनी तोच शब्द परलोक नाकारणाऱ्याला लावला. देव आहे की नाही, एवढ्यावरच माणसांची दोन गटांत वाटणी करण्याची आजची सवय बरीच अलीकडची आहे. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या पुस्तकाला ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ हे नाव दिलं, तेव्हा अनेकांना तो शब्दांचा खेळ वाटला असेल. पण कुणाला आस्तिक म्हणायचं, हा वाद जुनाच आहे.

न्यायसूत्रांत वादाची नियमावली आहे. तिच्यात बावीस निग्रहस्थानं, म्हणजे हरण्याच्या बावीस जागा, मोजून दिल्या आहेत. त्यांतली एक आहे ‘प्रतिज्ञांतर’. मूळ विधानावर घाव बसला की त्याला नवं विशेषण चिकटवून वेगळंच विधान पुढे करणं. असं करणारा हरला. एका बैठकीपुरता हा न्याय चोख आहे. शतकांच्या मापानं पाहिलं तर मात्र विचार पुढे सरकला तो बहुतेक वेळा याच हरण्याच्या जागेवरून.

युरोपातही तेच घडलं. डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७७९ मध्ये, त्याचे धर्मविषयक संवाद प्रसिद्ध झाले. त्यातलं फिलो नावाचं पात्र विचारतं की जग हे यंत्रासारखंच आहे कशावरून? ते झाडासारखं किंवा प्राण्यासारखं का नसावं? ब्राह्मणांच्या मते जग एका प्रचंड कोळ्यानं आपल्या पोटातून विणलं, असा दाखलाही तो देतो. तरी १८०२ मध्ये विल्यम पेलीनं माळावर सापडलेल्या घड्याळाचं उदाहरण देऊन घड्याळजीला, म्हणजे जगाच्या कर्त्याला, पुन्हा उभं केलं. ह्यूमची शंका बिनतोड होती, पण ‘मग हे झालं कसं?’ याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. ते उत्तर १८५९ मध्ये आलं, आणि दिलं ते तरुणपणी पेलीवर लुब्ध असलेल्या डार्विननं. त्यानंतरही देवाची बाजू संपली नाही, जागा बदलली. अमेरिकेत नैसर्गिक निवडीची पाठराखण करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता. त्याच्या लेखी उत्क्रांती हीच देवाची काम करण्याची रीत होती. प्रतिज्ञांतरच हे! पण त्यानंतर जाणत्या आस्तिकाला ‘प्रत्येक जीव जसाच्या तसा निर्माण झाला’ असं म्हणणं अवघड झालं.

विसाव्या शतकात हा प्रकार सर्वांत स्वच्छ दिसतो तो दुःखाच्या प्रश्नावर. देव सर्वशक्तिमान आहे, तो पूर्ण चांगला आहे आणि तरीही जगात दुःख आहे, या तीन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत, असं १९५५ मध्ये नास्तिक तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी मांडलं. १९७४ मध्ये ॲल्विन प्लँटिंगा यांनी उत्तर दिलं की माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर वाइटाची शक्यता मोकळी ठेवावीच लागते, त्यामुळे इथे तार्किक विसंगती नाही. मॅकी गेल्यावर, १९८२ मध्ये, त्यांचं शेवटचं पुस्तक आलं. दुःखाच्या या युक्तिवादानं आस्तिकांची मूळ भूमिका अंतर्विरोधी ठरतेच असं नाही, हे त्यांनी त्यात बऱ्याच अंशी मान्य केलं होतं. नास्तिक ते नास्तिकच राहिले, पण दावा एक पायरी खाली उतरवून.

ती पायरी विल्यम रो यांनी १९७९ मध्येच हेरली होती. त्यांनी डोळ्यांपुढे उभं केलं ते हरणाचं एक पाडस. दूर जंगलात वीज पडून वणवा पेटतो. पाडस त्यात सापडतं, भयंकर भाजतं आणि कित्येक दिवस तळमळत पडून मग मरतं. पाहायला कुणी नाही, त्यातून कुणी काही शिकणार नाही, कुणाच्या स्वातंत्र्याचा संबंध नाही. हे दुःख देवाच्या विरुद्ध अंतिम सिद्धता नाही, पण सबळ पुरावा आहे, एवढंच रो म्हणतात. आणि त्याच निबंधात ते हेही मांडतात की आपली बाजू बरोबर असली तरी समोरच्याची श्रद्धा अविवेकी ठरत नाही. पाच वर्षांत आस्तिकांकडून उत्तर आलं. देवाची कारणं आपल्याला दिसत नाहीत म्हणून ती नसतीलच असं कसं म्हणावं? तान्ह्या बाळाला आईबापांची कारणं कुठे कळतात? हे उत्तर पटो न पटो, त्याची किंमत मोठी आहे. देवाचं मन आपल्याला इतकं अगम्य असेल, तर ‘हे संकट देवानं अमक्या कारणासाठी धाडलं’ असं ठामपणे सांगायची सोयही उरत नाही.

सगळे मुद्दे जुने असतात, हेही पुरतं खरं नाही. ‘देव प्रेमळ असेल, तर त्याला मनापासून शोधणाऱ्या माणसाला तो सापडत का नाही?’ या प्रश्नाचा पद्धतशीर नास्तिक युक्तिवाद जे. एल. शेलेनबर्ग यांनी केला तो १९९३ मध्ये. मराठी वाचकाला त्यातली वेदना मात्र ओळखीची वाटेल. भेट न देणाऱ्या विठ्ठलाशी तुकाराम कडाडून भांडतात, एका अभंगात तर देव आपल्यापुरता मेला असंही म्हणून टाकतात. शेलेनबर्ग यांनी ज्या अनुभवातून देव नाही असा निष्कर्ष काढला, त्याच अनुभवातून तुकोबांनी देवाशी भांडण काढलं. आस्तिक-नास्तिकांची सीमारेषा इथे वाटते तितकी सरळ राहत नाही.

व्यासपीठावर मात्र हे सगळं विकेट मोजण्यापर्यंत येऊन थांबतं. आयुष्यभर नास्तिक म्हणून गाजलेले तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी २००४ मध्ये जगामागे एक बुद्धिमान कारण असावं, असं जाहीर केलं. तेव्हा एका बाजूनं जल्लोष केला, दुसरीनं त्यांच्या वयाकडे बोट दाखवलं. फ्लू यांचा देव प्रार्थना ऐकणारा नव्हता आणि मरणोत्तर जीवनही त्यांना मान्य नव्हतं, याची चर्चा त्या मानानं कमी झाली.

महाराष्ट्रात वेगळा खेळ पाहायला मिळाला. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच व्यासपीठावर बसत. देव ही कल्पनाच आता निवृत्त करावी, असं लागू थेट सांगत. दाभोलकर म्हणत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीशी आणि शोषणाशी आहे. श्रोत्यांपुढे उलगडत होता तो चळवळीच्या आतलाच मतभेद. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. देव आहे की नाही, यावर तो कायदा काहीच बोलत नाही. वारी, कीर्तन, हरिपाठ यांना हात लागणार नाही, हे मात्र तो स्पष्ट सांगतो. भाविकांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या आक्षेपांच्या खुणा त्याच्या मसुद्यावर आहेत.

प्रत्येक चर्चेतून असं काही निघतंच असं नाही. २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीवर बर्ट्रंड रसेल आणि जेझुइट पाद्री फ्रेडरिक कोपलस्टन यांची चर्चा प्रसारित झाली. जगाला कारण हवं, असं कोपलस्टन म्हणाले. एकेका वस्तूचं कारण विचारता येतं, अख्ख्या विश्वाचं विचारण्यात अर्थ नाही, असं रसेल म्हणाले. दोघेही तल्लख, सभ्य, आणि दोघेही सुरुवातीला जिथे होते तिथेच शेवटी.

दोन दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली आणि आणखी एक संवाद अर्धवट तुटला. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, अस्पृश्यता निवारणाच्या कामामुळे गांधीजींच्या जवळ आले होते. ईश्वर सत्य आहे, असं म्हणणारे गांधीजी १९३१ पर्यंत सत्य हाच ईश्वर आहे, असं म्हणू लागले होते. नास्तिकही सत्य नाकारत नाही, हे त्यामागचं एक कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. गोरांनी आपल्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरवलं, तेव्हा ते सेवाग्रामला आश्रमात लावायचं गांधीजींनी कबूल केलं. अडचण एकच होती. आश्रमातल्या विवाहाच्या प्रतिज्ञेत ईश्वराचं नाव होतं. गांधीजींनी तिथे ‘सत्य’ हा शब्द घालायला संमती दिली. मार्च १९४८ मध्ये, गांधीजी नसताना, सेवाग्रामला ते लग्न लागलं. वधूवरांनी प्रतिज्ञा घेतली ती सत्याला स्मरून.